अमृत महोत्सव झाला, आता दाखल-खारीज वाचवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या गावच्या जिल्हा परिषद प्राथमिक शाळेचा अमृत महोत्सव याच जानेवारीत झाला. आपल्या पेपरात तालुक्याच्या पानावर बातमी आली, फोटोही आला, त्याबद्दल गावाच्या वतीनं आभार. पण बातमीत जे आलं नाही तेच मला सांगायचं आहे, आणि ते आमच्या एकट्या गावापुरतं नाही. विदर्भातल्या ज्या ज्या जुन्या शाळा पन्नास, पंच्याहत्तर, शंभर वर्षं साजरी करताहेत त्या सगळ्यांना हात जोडून विनंती आहे, की वर्गणीतला पहिला पैसा शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरावर, म्हणजे कोणतं लेकरू शाळेत कधी आलं आणि कधी, का गेलं याच्या नोंदवहीवर, खर्च करा. कमान, मंडप, स्टेज त्यानंतर.

मी दारव्हा तालुक्यातली. माझं माहेर आणि सासर एकाच गावात. १९६६ साली याच शाळेत पहिलीत माझं नाव घातलं, आणि लग्नानंतर याच आवारातल्या अंगणवाडीत सेविका म्हणून लागले ती निवृत्त होईपर्यंत. जी लेकरं माझ्याकडून पहिलीत गेली त्यांचीच लेकरं पुढं माझ्याकडं आली. त्यामुळं शाळेचं काही निघालं की गाव मला बोलावतं.

महोत्सव देखणा झाला. शाळा सुरू झाली १९५१ च्या जुलैत, पण जुलैत आमच्याकडं डवरणी-निंदणाची घाई असते, माणूस वावरातून हलत नाही. म्हणून जानेवारी धरला. कापसाचा वेचा बहुतेक आटोपलेला असतो, तूर घरात येत असते, हातात दोन पैसे असतात. सकाळी प्रभातफेरी निघाली, दारोदारी सडा-रांगोळी होती, मुलींनी लेझीम केलं. शाळेची घंटा म्हणजे कडुनिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. तो शकुंतला रेल्वेचा आहे असं म्हातारी माणसं सांगतात. यवतमाळ-मूर्तिजापूर ही आमची छोटी गाडी बंद पडून बरीच वर्षं झाली, पण त्या रुळावर टोल पडला की आवाज अजून शिवारापर्यंत जातो. त्या दिवशी पहिल्या तुकडीतल्या एका बाप्पांनी टोल दिला. दुपारी रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी. गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजायला गावातली तरणी पोरं रात्रीपासून बसली होती. लेकी सासराहून आल्या, पुण्या-नागपूरला गेलेली पोरं आली. पंगती चार वाजेपर्यंत उठत होत्या.

माझ्यासाठी मात्र महोत्सव दिवाळीनंतरच सुरू झाला होता. समितीला निमंत्रणासाठी माजी विद्यार्थ्यांची यादी हवी होती. मुख्याध्यापक सरांनी ऑफिसातली लोखंडी पेटी उघडली आणि तळातून लाल फडक्यात बांधलेलं पहिलं दाखल-खारीज रजिस्टर काढलं. सर दुसऱ्या जिल्ह्यातले. नावं वाचता येत होती, पण कोण कोणाचा हे त्यांना कसं कळावं? म्हणून मला बोलावणं आलं. सर वाचायचे, मी सांगायची की हा वरच्या आळीतला, ही अमक्याची आत्या, हे घर उठून दिग्रसला गेलं. चौथीतल्या दोन मुली वहीत उतरवून घ्यायच्या. शेजारच्या वर्गात पाढे चालू असायचे.

लांबट आकाराचं, जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर आहे. टाकानं लिहिलेलं. शाई कुठं अजून काळी आहे, कुठं तपकिरी पडली आहे, आणि जिथं गुरुजींचा हात जड पडला तिथं अक्षराच्या जागी कागदच विरला आहे. रकाने असे: अनुक्रम, मुलाचं नाव, बापाचं नाव, धंदा, जात, जन्मतारीख आकड्यात आणि अक्षरात, दाखल झाल्याची तारीख, वर्ग, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण, शेरा. आईचा रकाना नाही. माझ्या स्वतःच्या ओळीत माझ्या मायचं नाव कुठंच नाही, जिनं मला हाताला धरून आणून शाळेत बसवलं होतं. आता राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकरांच्या नावापुढं आधी आईचं आणि मग बापाचं नाव लागणार आहे. ती लेकरं २०३० च्या आसपास पहिलीत येतील. त्यांच्या ओळीखाली आमच्या मायांच्या ओळी नाहीत, ही गोष्ट मला फार लागली.

शिक्के पाहत गेलं तर शाळा जागची हलली नाही आणि राज्य मात्र बदलत गेलं. पहिल्या पानांवर जनपद सभेचा, म्हणजे तेव्हा इकडचा स्थानिक कारभार पाहणाऱ्या संस्थेचा, शिक्का आहे. तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात होतो आणि राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या. त्यानंतरचे शिक्के जिल्हा परिषदेचे. गुरुजी बहुधा तेच होते, कारण शिक्का बदलल्यावरही पुढची बरीच पानं अक्षर तेच आहे.

एका पानावर सर थांबले. एकाच बापाची दोन मुलं. थोरल्याच्या ओळीत जातीच्या रकान्यात जुनी जात आहे. धाकटा दाखल झाला १९५७ च्या जुलैत, आणि त्याच्या ओळीत त्याच रकान्यात ‘बौद्ध’ लिहिलं आहे. मधे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरची दीक्षा झाली होती. आमच्या गावातून माणसं बंड्या जुंपून निघाली होती, असं मी लहानपणी ऐकलेलं. तो बाप परत येऊन, धाकट्याचा हात धरून गुरुजींपुढं उभा राहिला असेल आणि लिहा म्हणाला असेल. एवढी मोठी गोष्ट आमच्या गावाच्या हिशेबानं एवढ्याच कागदावर नोंदलेली आहे, दुसरीकडं कुठंही नाही.

जन्मतारखा तर बहुतेकांच्या १ जुलै. त्या काळी घरात तारीख कोण लिहून ठेवणार? पोळ्याच्या दिवशी झाला, मोठ्या पुराच्या साली झाली, असं माय सांगायची. शाळा उघडली की गुरुजी वय अंदाजानं धरून १ जुलै टाकायचे. वसंतराव नाईकांची जयंती म्हणून आमच्या जिल्ह्यात १ जुलै कृषी दिन, आणि त्याच दिवशी आमच्या गावात अर्ध्या म्हाताऱ्या माणसांचा वाढदिवस. हीच तारीख पुढं त्यांच्या नोकरीला लागली, पेन्शनला लागली, आधार कार्डावर गेली.

मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो ‘सोडण्याचे कारण’ या रकान्यात. मुलांच्या पुढं ‘चौथी पास’, ‘गुरे राखण्यास’, ‘सालाने ठेवला’, ‘गाव सोडून गेले’. एकदोघांपुढं ‘मयत’. मुलींच्या पुढं ‘चौथी पास’ फार थोड्या ठिकाणी. ‘भाऊ सांभाळण्यास’, ‘घरकामास’, ‘लग्न झाले’. उतरवून घेणाऱ्या चौथीतल्या पोरीनं विचारलं, “काकू, ही तर माझ्याएवढीच असंल ना?” मी हो म्हटलं. तिनं पेन थांबवलं नाही, पण पुढच्या प्रत्येक मुलीचं वय ती बोटांवर मोजू लागली.

महोत्सवाच्या दिवशी आम्ही ते रजिस्टर ऑफिसात टेबलावर ठेवलं होतं. ज्याला आपलं नाव पाहायचं त्यानं यायचं, हात धुऊन, कोरडे करून. स्टेजवर भाषणं चालू असताना ऑफिसाबाहेर रांग होती. पलीकडच्या तालुक्यात दिलेली एक आजी नातवाच्या मोटारसायकलवर बसून आली. नाव सापडलं. सरांनी वाचून दाखवलं, “दुसरीतून शाळा सोडली, कारण लग्न झाले.” आजी लगेच म्हणाली, “दुसरी काऊन लिवलं? तिसरीत गेली होती मी. गुरुजीनं वर्गात उभी करून मले कविता म्हणाले लावली होती. लग्न त्याच्या बाद झालं.” सरांनी समजावलं की जुनी नोंद आम्हाला खोडता येत नाही, तसा अधिकार नाही. आजीनं ऐकून घेतलं, पण मान्य केलं नाही. नातवाला म्हणाली, “तू लिवून ठेव घरी. मी तिसरीत होती.” इतक्या वर्षांनी त्या एका इयत्तेसाठी ती भांडली, आणि मला तिचं भांडण फार बरोबर वाटलं. कागदावर आपण खरे यावं हा तिचा हक्कच आहे.

आता हे सगळं आठवणींचं आहे, असं कोणी म्हणेल. तसं नाही. हे रजिस्टर आजच्या पोरांच्या पोटापाण्याचं आहे. आमच्या शाळेत जवळच्या तांड्यावरचीही लेकरं शिकली. गेल्या काही वर्षांत तिथल्या एका मुलाला इंजिनिअरिंगचा प्रवेश मिळाला आणि जात वैधता प्रमाणपत्र हवं झालं. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा द्यावा लागतो. इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० आणि अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा. त्या मुलाच्या घरी जमीन नव्हती, त्यामुळं जुना सातबारा नाही, खरेदीखत नाही. सापडली ती आजोबांची ओळ, १९५८ साली पहिलीत दाखल, जात लिहिलेली. आजोबा जेमतेम एक वर्ष शाळेत होते. त्या एका वर्षाच्या नोंदीवर नातवाचं काम झालं.

तहसीलातली कोतवाल पंजी, म्हणजे गावच्या कोतवालाची जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, लोक काढून आणतात, ती लागतेच. पण त्या काळात कोतवाल जन्म लिहायचा तेव्हा लेकराचं बारसं झालेलं नसायचं. बापाचं नाव आणि पुढं मुलगा किंवा मुलगी, बहुतेक ठिकाणी एवढंच. गरिबाच्या लेकराचं स्वतःचं नाव सरकारी कागदावर पहिल्यांदा येतं ते शाळेत. ज्याच्याकडं वावर नाही त्याचा सातबारा म्हणजे हे रजिस्टर. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला सरकारनं न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, तेव्हा राज्यभरातल्या शाळांची जुनी रजिस्टरं अशीच उघडली गेली. त्यांची किंमत सरकारलाही माहीत आहे.

आणि ती राहतात कशी? आमच्याकडून फार लांब नाही अशा एका गावातल्या शाळेत जुनं रजिस्टर भिंतीला टेकलेल्या लाकडी कपाटात होतं. भिंतीतून वाळवी आली आणि मधली पानं खाऊन गेली. वरून पाहिलं तर पुठ्ठा जसाच्या तसा, उघडलं तर आत माती. त्या गावातला एक बाप पोरीच्या वैधतेसाठी शाळा, पंचायत समिती, तहसील असा फिरत राहिला, आणि प्रत्येक ठिकाणी त्याला दुसऱ्या ठिकाणी पाठवलं गेलं. दाखल-खारीज ही कायम जतन करायची नोंद आहे, नियम तसाच आहे. पण नियमाबरोबर कोणी कपाट देत नाही.

दुसरी भीती पटाची. आमच्या शाळेचा पट वीसच्या काठावर आहे. सकाळी कॉन्व्हेंटची गाडी येते आणि निम्मी लेकरं घेऊन जाते. बापांना मी नावं ठेवत नाही, ज्याला त्याला आपल्या लेकराचं बरं पाहायचं असतं. पण सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव सरकारनं मागवले तेव्हा गावात झोप उडाली होती. १९८७ च्या खडू-फळा योजनेत प्रत्येक शाळेला निदान दोन खोल्या आणि दोन शिक्षक द्यायचं ठरलं होतं, आणि तिथून आपण दोनाचा एक शिक्षक करण्याच्या गोष्टींवर आलो. आमची शाळा टिकावी म्हणून आम्ही भांडूच, त्यावर वेगळं पत्र लिहीन. पण उद्या एखादी शाळा मिटलीच तर तिचं दप्तर दुसऱ्या शाळेत जातं. नव्या शाळेला ती नावं ओळखीची नसतात. कुठल्या खोलीत, कुठल्या पोत्यात ते रजिस्टर जाऊन पडेल ते कोणी पाहायचं?

म्हणून महोत्सवाच्या वर्गणीचा मुद्दा काढते. आमच्याकडंही आधी सगळा पैसा सिमेंटच्या कमानीला लावायचा ठरत होतं. बैठकीत बरीच बोलाचाली झाली. एक दादा म्हणाले, “कमान दिसते तरी, रजिस्टर कोण पाहते?” शेवटी कमान साधी लोखंडी केली आणि उरलेल्या पैशात दोन कामं झाली, एक चांगलं पोलादी कपाट आणि सगळ्या जुन्या रजिस्टरांचे फोटो. इतर गावांना उपयोग होईल म्हणून काय केलं ते लिहिते.

आधी काय करायचं नाही ते सांगते. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. काही वर्षांत ती पिवळी होते, अक्षरावर डाग धरते आणि काढायला गेलं तर शाईसकट निघते. जुनं पान लॅमिनेट तर मुळीच करू नका. उष्णतेनं कागद भाजतो आणि प्लास्टिक परत सुटत नाही. बोटाला थुंकी लावून पान उलटायची सवय आपल्या सगळ्यांनाच आहे, ती तेवढ्यापुरती बाहेर ठेवा. कपाट भिंतीपासून हातभर पुढं आणि विटांवर उचलून ठेवा, म्हणजे वाळवी आणि ओल दोन्ही दिसतात. छत गळत असेल तर आधी छत. रजिस्टर आडवं ठेवा, उभं ठेवलं तर शिवण सुटते. धुतलेल्या सुती कापडात बांधा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, आत दमट होतं. पावसाळा सरला की एखाद्या कोरड्या दिवशी सावलीत उघडून वारा द्या, उन्हात टाकू नका.

फोटो आम्ही व्हरांड्यात सकाळच्या उजेडात काढले, फ्लॅश न लावता. गावातल्याच एका कॉलेजच्या पोरानं मोबाईल स्टँडवर बांधला. एकेक पान, चारही कोपरे दिसतील असं, आणि प्रत्येक फोटोला रजिस्टरचं वर्ष आणि पान क्रमांक. एक प्रत शाळेच्या कॉम्प्युटरवर, एक हार्ड डिस्कवर केंद्रशाळेत. आणि गटशिक्षण कार्यालयाला लेखी कळवून, मुख्याध्यापकांच्या समोर. हे महत्त्वाचं आहे. रजिस्टर शाळेचं आहे, ते कोणी घरी न्यायचं नाही.

एका गोष्टीवर मी ताठर राहिले आणि पुढंही राहीन. ती पानं गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची नाहीत. पोरांना उत्साह असतो, चांगल्या मनानं टाकतात. पण त्या पानांवर प्रत्येकाची जात आहे, बापाचा धंदा आहे, कोणाला कशापायी शाळा सोडावी लागली ते आहे. ज्याची ओळ त्यानं पाहावी, उतारा हवा तर मुख्याध्यापकांकडं अर्ज करून घ्यावा.

शासनाकडं मागणी एवढीच आहे. जमिनीचे जुने सातबारे, फेरफार स्कॅन करून ‘आपले अभिलेख’ या सरकारी वेबसाइटवर आणले गेले. त्यात आमच्या अमरावती विभागातले अकोला आणि अमरावती हे जिल्हे पहिल्यांदा होते. जमिनीचे कागद जपता येतात तर लेकरांचे का नाही? जिल्हा परिषदेनं प्रत्येक जुन्या शाळेची १९६७ पर्यंतची रजिस्टरं तरी स्कॅन करून घ्यावीत, मूळ प्रत शाळेतच ठेवावी, आणि ज्या शाळा मिटल्या त्यांची रजिस्टरं आज कुठं आहेत याची यादी तालुकानिहाय लावावी. हे काम शिक्षकांच्या डोक्यावर टाकू नये. त्यांच्या माथी आधीच ऑनलाइन माहिती भरण्याचं ओझं आहे. त्यासाठी वेगळी माणसं आणि वेगळे पैसे द्यावेत.

गावांना माझं सांगणं असं, की १ मे ला शाळेचा निकाल असतो, आईबाप शाळेत येतात, आणि त्याच दिवशी ग्रामसभाही असते. त्या सभेत हा विषय घ्या. निकाल वाटून झाला की मुख्याध्यापकांना पेटी उघडायला सांगा, पहिलं रजिस्टर कोणत्या सालचं आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे ते सगळ्यांसमोर पाहा, आणि कपाटाचा ठराव त्याच दिवशी सहीनिशी लिहून घ्या. आमच्या गावचा ठराव कोणाला नमुना म्हणून हवा असेल तर आमच्या शाळेत मिळेल. आपण पत्राला जागा द्यावी ही विनंती.

आपली,
एक माजी विद्यार्थिनी आणि सेवानिवृत्त अंगणवाडी सेविका
ता. दारव्हा, जि. यवतमाळ